चेन्नईत शाल कशाला?

चेन्नईत शाल कशाला लागते, असं मला कुणी विचारलं तर मी सांगू शकते. इडलीचं पीठ वाटायचा ग्राइंडर झाकायला लागते. टीव्हीवर धूळ बसू नये म्हणून लागते. पश्चिमेच्या खिडकीला दुपारचं ऊन अडवायला तर फारच छान होते. हे सगळं मी तुळजाअक्कांच्या घरात पाहिलंय. त्यांच्याकडे गेलं की आपण शालीवर बसायचं, शालीला टेकायचं आणि पंख्याखाली घाम पुसत कॉफी प्यायची. एवढ्या शाली तर काश्मीरकडच्या माणसाच्या घरातसुद्धा नसतील!

तुळजा राव हे त्यांचं नाव. तंजावरकडच्या मराठी. त्यांचं घराणं कधी काळी तिकडे गेलं आणि तिकडचंच होऊन राहिलं. मराठी बोलणं तेवढं सोडलं नाही. आम्ही महाराष्ट्रातून नोकरीपायी गेलेली मंडळी 'झालं' म्हणायचो, त्या 'जालं' म्हणायच्या. आम्ही 'आम्ही', त्या 'अम्ही'. मधूनच एखादा तमिळ शब्द यायचा आणि वाक्य शेवटाकडे चढत जायचं, त्यामुळे साधी चौकशीसुद्धा उलटतपासणी वाटायची. पेशानं त्या दुभाषी होत्या. तमिळ, मराठी आणि इंग्रजी. श्रीपेरुंबुदूरच्या कारखान्यांत पुण्याकडचे इंजिनियर कामगारांना शिकवायला आले की त्यांच्यामध्ये अक्का उभ्या. कोर्टात एखादा मराठी साक्षीदार आला की अक्का. आधी त्या कुठल्याशा सरकारी कचेरीत स्टेनो होत्या. चांगली पेन्शनची नोकरी सोडून त्यांनी हा उद्योग मांडला, तेव्हा त्यांच्या भावाला म्हणे आठवडाभर अन्न गोड लागलं नाही.

आता शालींचं सांगते. आपल्या लोकांची एक रीत आहे. एखाद्या जाणत्या माणसाकडून काम करून घ्यायचं आणि पैशाची वेळ आली की उठून त्याच्या खांद्यावर शाल टाकायची, हातात नारळ द्यायचा आणि टाळ्या वाजवायच्या. टाळ्या वाजल्या की त्या माणसाचं तोंड बंद. अक्कांना अशा शाली आम्हा मराठी मंडळींनी वर्षानुवर्षं घातल्या होत्या. नारळाची त्या चटणी करत. शालीची करता येत नाही.

माझी त्यांची पहिली भेट गणपतीत झाली. अण्णा नगर आणि आसपासच्या मराठी कुटुंबांचं आमचं एक छोटं मंडळ होतं. कुणी रेल्वेतले, कुणी बँकेतले, बरेचसे गाड्यांच्या आणि कॉम्प्युटरच्या कंपन्यांतले तरुण. मी लग्नाआधी नाशकात आणि मग पुण्यात चित्रकला शिकलेली, जाहिरातींची कामं केलेली. नवऱ्याच्या बदलीबरोबर चेन्नईत आले आणि मंडळाला 'हाताला कला असलेल्या वहिनी' मिळाल्या. त्यानंतर काय विचारता! गणपतीचा पडदा, दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ, हळदीकुंकवाची आमंत्रणं, कुणाच्या मुलीच्या बारशाचा पाळणा, सगळं माझ्याकडे. रंगसुद्धा माझेच. त्या वर्षी मी मागच्या पडद्यावर भलामोठा डोंगर आणि त्याच्या कुशीतलं देऊळ रंगवलं होतं. लोक 'वा वहिनी, वा' म्हणत पुढे जात होते.

एक उंच, सावळ्या, कडक इस्त्रीच्या सुती साडीतल्या बाई मात्र पडद्यापुढे थांबल्या. चष्मा वर सरकवून त्यांनी डोंगर पाहिला, देऊळ पाहिलं, खालचा कोपरा पाहिला.

"हें तुम्ही काढलांत?"

"हो."

"किती घेतलांत?"

मला आधी कळलंच नाही. मग कळलं आणि मी हसले. "छे हो, घेतलं काही नाही. आपल्याच मंडळाचं काम."

त्यांनी पुन्हा एकदा डोंगराकडे पाहिलं, मग माझ्याकडे. खरोखर काळजीनं म्हणाल्या, "कां? बरं जालं नाहीं?"

बाई गं! असा संताप आला मला. सगळी आरती मी त्यांच्याकडे पाठ करून म्हटली. आणि घरी येऊन अंथरुणावर पडले तरी ते 'बरं जालं नाहीं?' डोक्यातून जाईना. उत्तर सापडलं असतं तर गेलं असतं.

राग फार दिवस टिकला नाही, कारण त्या आमच्या मागच्याच गल्लीत राहणाऱ्या निघाल्या आणि त्यांच्यासारखी फिल्टर कॉफी मी पुन्हा प्यायले नाही. जाता-येता ओळख वाढली. हळूहळू त्यांच्या तऱ्हा कळू लागल्या.

मुख्य तऱ्हा म्हणजे घड्याळ. काळ्या पट्ट्याचं साधं घड्याळ होतं. कामाला निघाल्या की ते मनगटावर, काम संपलं की पर्समध्ये. घड्याळ हातात असलं की त्या दुभाषी. तेव्हा त्यांना 'अक्का, पाणी देऊ का' विचारलं तरी मान हलवायच्या, बोलायच्या नाहीत. घड्याळ काढलं की गप्पांना ऊत. आम्हा शेजारणींना ते इतकं सवयीचं झालं होतं की आम्ही आधी मनगट बघायचो, मग हाक मारायचो.

दुसरं असं की रिक्षावाल्यांशी त्या फुकट भांडायच्या. मंडळातलं कुणीही, कधीही, रिक्षावाल्यानं अडवलं की अक्कांना फोन लावून मोबाइल सरळ त्याच्या कानाला लावायचं. पलीकडून काय बोलणं व्हायचं देव जाणे, पण रिक्षावाला आधी हसायचा, मग ओशाळायचा आणि 'बसा अम्मा' म्हणून मीटर टाकायचा. मीटर! चेन्नईत! मी एकदा विचारलं, "अक्का, याची फी नाही घेत तुम्ही?"

"अय्यो, त्याची कसली फी? तें मी मजेस्तव करतें. मला आवडतं भांडायला."

पण घरमालकाचा करारनामा समजावून सांगायचा म्हटलं की घड्याळ आणि फी. नव्यानं आलेली पोरं गोंधळायची. रिक्षाचं फुकट, मग कराराचे पैसे कसे? अक्का शांतपणे सांगायच्या, "रिक्षात माझं चुकलं तर तुमचे दहा-वीस रुपये जातील. करारात चुकलं तर घर जाईल. जेथें माझ्यावर भरवसा ठेवून तुम्ही सही करणार, तेथें तें काम अहे."

कारखान्यातला एक किस्सा त्यांच्याच तोंडून ऐकलेला. पुण्याहून एक नवा सुपरवायझर आला होता, तोंडानं फार फटकळ. दुभाष्यानं कसं बोलायचं याचा अक्कांचा नियम असा की समोरचा 'मी' म्हणाला की आपणही 'मी'च म्हणायचं. 'साहेब असं म्हणतायत' वगैरे नाही. तर हा सुपरवायझर एका पोरावर तापला आणि मराठीत एक सणसणीत शिवी देऊन बसला. अक्कांनी चष्मा वर सरकवला आणि विचारलं, "सर, ही शिवी अहे. हीही सांगूं? सांगेन मी. फींत आलं तें. पण मग पुढे तुम्ही जें म्हणाल, तें त्या शिवीच्या मागून ऐकूं येईल."

तो म्हणाला, "राहू द्या. त्याला सांगा की..."

"त्याला सांगा नको. त्याच्याकडे बघून बोला. मी नाहीं येथें."

म्हणे महिन्याभरात तो माणूस घरीसुद्धा बायकोशी तिच्याकडे बघून बोलायला लागला. हा शेवटचा भाग अक्कांनी पदरचा घातला असावा असा मला संशय आहे.

आता कारखानीसकाकांबद्दल सांगायला हवं. मंडळाचे सचिव. बँकेतून निवृत्त झालेले आणि मंडळासाठी रात्रंदिवस राबणारे. माणूस सोन्यासारखा, पण एक शब्द त्यांच्या जिभेवर कायमचा बसला होता. सेवा. 'वहिनी, सेवा आहे.' 'जोशी, तुमच्या गाडीची सेवा लागेल.' एका वर्षी मंडळाच्या वर्धापनदिनाला एक तमिळ पाहुणे भाषणाला येणार होते. तंजावरच्या मराठी दरबारावर बोलणार होते. भाषण तमिळमध्ये, म्हणजे अक्का हव्याच. काकांनी कमिटीच्या बैठकीतच त्यांना सांगून टाकलं, विचारलं नाही. सांगून टाकलं!

अक्कांनी आपली फी सांगितली.

बैठकीत अशी शांतता पसरली की बाहेरचा इस्त्रीवाला कोळसे फुंकत होता ते ऐकू आलं.

"अहो अक्का," काका म्हणाले, "आपलंच मंडळ. सेवा म्हणून..."

"मांडववाला सेवा करतो?"

"त्याचा धंदा आहे तो."

"जेवणवाला?"

"अहो, तो स्वयंपाकी आहे. प्रोफेशनल माणूस."

"माइकवाला?"

काकांनी जमाखर्चाची वही मिटली.

"म्हणजे माझा आवाज ज्यांतून जाणार, त्या माइकाला पैसे. आवाजाला शाल."

मला हसू आवरेना, पण बाकी कुणी हसलं नाही म्हणून मी खोकले. काका मात्र दुखावले होते आणि त्यांचंही खोटं नव्हतं. "मी नाही का फुकट राबत?" ते म्हणाले. "पायाला भिंगरी लावून फिरतो मंडळासाठी. एक पैसा घेतला का कधी?"

"तुम्ही मंडळांत राबतां तें तुमच्या हौसेनं. कोणी सांगटलं नाहीं तुम्हांस," अक्का म्हणाल्या. "बँकेंत फुकट राबलांत कां?"

झालं, बिनसलं. भाषणाला एका कॉलेजकुमाराला उभं केलं. पाहुणे मनापासून बोलत होते आणि तो बिचारा दर चार वाक्यांनंतर 'म्हणजे राजे खूप चांगले होते' एवढंच सांगत होता. तंजावरचे सगळे राजे त्या संध्याकाळी एकसारखे चांगले निघाले. आणि त्यानंतर अक्कांना मंडळाची आमंत्रणं जाईनाशी झाली. कुणी ठरवून केलं असं नाही. फक्त 'अरे, राहिलं वाटतं' असं व्हायला लागलं. दिवाळीचा फराळ राहिला. संक्रांतीचं हळदीकुंकू राहिलं. 'बाई पैशाच्या फार मागे' हे वाक्य मात्र सगळ्यांपर्यंत न चुकता पोचलं.

मी तिळगूळ घेऊन गेले, तर त्या टीव्हीवरची शाल झटकत होत्या. एरवी कशानं न हलणारी बाई, पण त्या दिवशी बोलल्या.

"मला पैसे न देवोत. काम नको असेल तर नको म्हणोत. पण बोलवायचं कां सोडावं? भाऊ गेला, त्याचीं मुलं तमिळच बोलतात. या शहरांत मी मराठी कोणापाशीं बोलूं? वर्षांत एकदा दहा माणसांत आरती म्हणायला मिळते. एकटीनं घरीं म्हटली तर भिंतीच ऐकतात."

मला रडूच फुटलं. आणि त्यांना ते आवडलं नाही. "रडूं नका. कॉफी निवेल," म्हणाल्या. मी मनाशी म्हटलं, यांनी एकदा 'बरं, सेवा तर सेवा' म्हणून टाकलं असतं तर काय बिघडलं असतं? तसं मी त्यांना बोलूनही दाखवलं.

"मग पुढची मुलगी जी हें काम शिकेल, तिला काय सांगतील? 'तुळजा फुकट करत होती.'" एवढंच बोलून त्या उठल्या आणि तिळगुळाच्या वाटीत परत द्यायला मुरुक्कू, म्हणजे तिकडच्या चकल्या, घालू लागल्या.

त्याच वर्षी उन्हाळ्यात नीलेशचा अपघात झाला. नीलेश म्हणजे कऱ्हाडकडचा एक तरुण, श्रीपेरुंबुदूरला सुट्या भागांच्या कारखान्यात कामाला, मंडळात झांज वाजवायचा. पत्रा दाबायच्या प्रेसमध्ये त्याचा उजवा हात सापडला. कंपनीनं त्याला अण्णा नगरातल्या एका मोठ्या इस्पितळात आणलं आणि गावाहून त्याची आई आली. सुलाबाई. नऊवारी, ठसठशीत कुंकू, आयुष्यात पहिल्यांदाच एवढा लांबचा प्रवास. मंडळ धावून गेलं, हे मान्य केलंच पाहिजे. डबे माझ्याकडे आणि जोशीवहिनींकडे वाटून दिले होते. डॉक्टरांशी बोलायला कारखानीसकाका. त्यांना इंग्रजी उत्तम येत होतं आणि तमिळही भाजी आणण्यापुरतं येत होतं.

मी डबा घेऊन गेले तेव्हा डॉक्टर बोलत होते. तरुण, तमिळ, भला माणूस. हातानं स्वतःची बोटं दाखवत, वाकवत, कागदावर रेघा काढत तो बराच वेळ बोलला. मग काका सुलाबाईंकडे वळले आणि म्हणाले, "सगळं ठीक आहे. काळजी करू नका."

सुलाबाईंनी डॉक्टरकडे बघितलं, काकांकडे बघितलं. "आवं, त्यो येवढं बोलला. तुमी येवढंच सांगताय व्हय?"

"तेच हो त्याचं सार. तुम्ही कशाला जिवाला घोर लावून घेता? आम्ही आहोत ना."

काकांचा हेतू चांगलाच होता. आईला धक्का बसू नये म्हणून ते तीन दिवस तिला सार सांगत होते. कॉरिडॉरमध्ये मला त्यांनी हळूच सांगितलं की तर्जनीचं काही खरं नाही. एक तर ती काढून टाकायची म्हणजे पोरगा आठवड्यात घरी, नाहीतर आणखी एक मोठं ऑपरेशन करून वाचवायचा प्रयत्न करायचा. ते लांबणार, दुखणार, आणि फसूही शकतं. संध्याकाळपर्यंत सांगायचं होतं. नीलेश गुंगीत होता आणि शुद्धीवर आला की 'आईला विचारा' एवढंच म्हणत होता. "मी म्हणतो काढून टाकावं," काका म्हणाले. "त्या माउलीला काय कळणार यातलं?"

मी डबा ठेवायला आत आले, तर माउलीनं माझा हात धरला. "बाय, हितं पैशे घिऊन सांगनारं कुनी न्हाई का गं?"

"म्हणजे?"

"हे दादा लई चांगलं हाईत. पर ते मला समजावत्यात, सांगत न्हाईत. फुकाट आल्यात बिचारं, त्यास्नी म्या किती टोकू?"

मी तिथूनच अक्कांना फोन लावला.

अक्का आल्या. तीच कडक साडी, हातात छत्री, मनगटावर घड्याळ. त्या सरळ सुलाबाईंपुढे उभ्या राहिल्या. "अम्मा, मी तुळजा. दुभाषी अहें. तुमचं काम करूं? माझी फी अहे."

काकांच्या अंगाचा तिळपापड झाला. "अहो, काही माणुसकी? पोरगं पडलंय आत! या बाईकडून फी घेणार तुम्ही?"

"मला ह्यांना विचारूं द्या ना," अक्का म्हणाल्या.

सुलाबाईंनी कनवटीची पिशवी सोडली. अक्कांनी जे सांगितलं ते कोर्टातल्या फीच्या मानानं काहीच नव्हतं, पण सांगितलं आणि घेतलं. सुलाबाईंनी पैसे अक्कांच्या हातावर ठेवले आणि खरं सांगते, त्या बाईची पाठ ताठ झाली. तीन दिवस ती खुर्चीच्या कडेवर टेकल्यासारखी बसत होती. आता मागे रेलून बसली. म्हणाली, "बलवा डागदरला."

डॉक्टर आला. अक्का सुलाबाईंच्या खुर्चीमागे, किंचित डाव्या अंगाला उभ्या. डॉक्टर तमिळमध्ये 'मी' म्हणाला की इकडे अक्कांच्या तोंडून मराठीत 'मी'. "मी बोट काढलं तर जखम लवकर भरेल. मी वाचवायला गेलो तर वाचेलच असं वचन मला देतां येत नाहीं." काही गाळलं नाही, काही गोड केलं नाही. 'फसू शकतं' हेही तसंच सांगितलं. काकांनी कपाळाला हात लावला. सुलाबाईंचा चेहरा पांढराफटक झाला, पण मग तिनं प्रश्न विचारायला सुरुवात केली.

अंगठा धड आहे ना? वाचवलेलं बोट वाकेल का? पुरतं नाही वाकलं तर निदान पकडायला उपयोगी पडेल? रक्त किती जाईल? दुसऱ्या खेपेला पुन्हा इथवर यावं लागेल का? तीच गोष्ट ती फिरून फिरून विचारत होती, आणि अक्का दरवेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखी ती तमिळमध्ये विचारत होत्या. एकदा डॉक्टरच थकून म्हणाला की हे सांगून झालंय. अक्कांनी तेही मराठीत सांगितलं. त्यावर सुलाबाई म्हणाली, "ठावं हाय मला. पर लेकरू माजं हाय, म्या पुन्यांदा इचारनार." हेही तमिळमध्ये गेलं. डॉक्टर हसला, खुर्ची ओढून बसला आणि पुन्हा पहिल्यापासून सांगू लागला.

शेवटी सुलाबाई म्हणाली, "वाचवा. न्हाई वाचलं तर न्हाई. पर त्याच्या आईनं न इचारता काडलं, आसं त्यानं जल्मभर म्हनाय नगं."

अक्कांनी घड्याळ काढून पर्समध्ये टाकलं. आणि मग घड्याळ काढल्यावर त्यांनी सुलाबाईंच्या डोक्यावरून हात फिरवला.

ऑपरेशन झालं. त्यानंतरचे दिवस काळजीचे होते, आणि अक्का रोज दुपारी इस्पितळात हजर. उघड्या मनगटानं. लिंबूभात आणायच्या, सुलाबाईंच्या शेजारी बसून कऱ्हाडच्या बाजाराच्या आणि तंजावरच्या नवरात्राच्या गोष्टी चालायच्या. एकीची मराठी दुसरीला निम्मीच कळायची आणि दोघी मनसोक्त हसायच्या. काकांना हे कोडं उलगडेना. "रोज फी घेतात का त्या?" त्यांनी मला विचारलं. मी तोच प्रश्न अक्कांना विचारला.

"छे! त्या दिवशीं कामाला आलें होतें. आतां पाहुणी अहें."

"मग त्या दिवशीही पाहुणी म्हणून..."

"पाहुण्याला माणूस आठ वेळां एकच गोष्ट विचारतो कां?"

सुलाबाईंनी ते ऐकलं आणि ती काकांकडे वळली. "खरं हाय दादा. पैशे दिलं म्हून इचारता आलं. तुमास्नी म्या दोनदा इचारलं, तिसऱ्यांदा जीभच रेटंना. तुमी आपलं काम सोडून आलेलं, कसं इचारू?"

काका उठले. म्हणाले, "मी चहा आणतो." आणि सगळ्यांना चहा आणला. ही मात्र खरी सेवा होती, चहा गरम होता.

बोट वाचलं. पुरतं वाकत नाही, पण वाचलं. त्या वर्षी गणपतीत नीलेश झांज घेऊन उभा राहिला, तर्जनी ताठ, जणू कुणाला तरी दटावतोय. आणि आरतीच्या आधी कारखानीसकाका स्वतः मागच्या गल्लीत जाऊन अक्कांना घेऊन आले. सगळ्यांसमोर उभे राहिले, घसा साफ केला, मंडळाच्या वतीनं कृतज्ञता वगैरे म्हणाले आणि टेबलाखालून त्यांनी काय काढावं?

शाल!

"अय्यो, आणखी एक?" अक्का एवढ्या मोठ्यानं म्हणाल्या की सगळा मांडव हसला. काकाही हसले, कानापर्यंत लाल झाले. "अहो थांबा, शाल आमच्या समाधानासाठी," म्हणाले, आणि खिशातून पाकीट काढलं. "पुढच्या महिन्यात पाहुण्यांचं भाषण पुन्हा ठेवलंय. राहिलेले राजे ऐकायचेत. ही फी, आगाऊ." आणि मग माझ्याकडे वळून दुसरं पाकीट. "वहिनी, हे पडद्याचं."

मी हात मागे घेतला. सवयच ती. तेवढ्यात अक्कांनी चष्मा वर सरकवून माझ्याकडे पाहिलं. मी मुकाट्यानं पाकीट घेतलं. आरती सुरू झाली. अक्का अशा खणखणीत म्हणत होत्या की माइकवाल्यानं माइक बंद केला तरी कुणाला कळलं नसतं.

त्यानंतर काही वर्षांनी आमची दिल्लीकडे बदली झाली. निघण्याआधी मी अक्कांच्या दारासाठी एक पाटी रंगवली. 'तुळजा राव, दुभाषी', तिन्ही लिप्यांत. तमिळ अक्षरांची वळणं साधायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. त्यांनी फी विचारली. मी म्हटलं, "तुमच्याकडून कसली फी, अक्का? प्रेमानं केलीय." त्या नुसत्या 'सरी' म्हणाल्या, म्हणजे बरं. मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

सेंट्रलला त्या आम्हाला पोचवायला आल्या. मे महिना, प्लॅटफॉर्म तव्यासारखा तापलेला. हमालाशी मनसोक्त भांडल्या, फुकट. सामान चढलं, आम्ही खिडकीशी बसलो. तेव्हा त्यांनी पिशवीतून शाल काढली. नवीकोरी, घडी न मोडलेली, मरून रंगाची. ग्राइंडरवर गेली नव्हती, खिडकीला लागली नव्हती. खिडकीतून हात घालून त्यांनी ती माझ्या खांद्यांवर पांघरली, मांडीवर नारळ ठेवला आणि तिथंच प्लॅटफॉर्मवर एकटीनं टाळ्या वाजवल्या. डब्यातले लोक बघायला लागले.

"तिकडे थंडी असते ना," त्या म्हणाल्या. "तेथें ही कामाला येईल."

मी मांडीवरचा नारळ सावरेपर्यंत त्यांनी पर्समधून पाकीट काढलं होतं. "आणि ही पाटीची फी."

"अहो अक्का, शाल दिलीत ना!"

"शाल वेगळी."

"पण मी प्रेमानं..."

"प्रेमाची ही शाल. अक्षरांची ही फी. घ्या, गाडी सुटेल."

गाडी खरंच हलली. मी पाकीट घेतलं. त्या गाडीबरोबर चार पावलं चालल्या, उघडं मनगट वर करून हात हलवत. मग गर्दीच्या डोक्यांवरून त्यांचा तो खणखणीत आवाज आला.

"पाटी बरी जाली हो! फार बरी जाली!"

एवढ्या वर्षांत माझ्या कामाला त्यांनी पहिल्यांदा बरं म्हटलं होतं. नवरा म्हणाला, अगं काढ ती शाल, घामानं भिजलीयस. मी काढली नाही. मांडीवर नारळ, मुठीत पाकीट, अंगावर लोकरीची शाल, अशी मी त्या मे महिन्यात चेन्नईतून निघाले, आणि लोक बघत होते तर बघू दिले.